राखीव भिंत

अप्पा, म्हणजे माझे वडील, रोज पॅसेंजर गाडीने कुंभकोणमच्या शाळेत शिकवायला जात आणि पिशवीत ओला रुमाल नेत. डब्यात कुणी खडूने बाण मारलेला बदाम काढलेला दिसला की पुसायला लागायचे. कर्कटकाने कोरलेली नावं रुमालाने जात नाहीत, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. घासता घासता समोरच्यांना संस्कृतीवर व्याख्यानही मिळायचं. चालत्या गाडीतून बिचारे उतरणार कुठे!

देशाचा बाजार तेव्हा नुकताच खुला झाला होता आणि तंजावूरच्या भिंतींचं नशीब उघडलं होतं. जिकडे तिकडे सिमेंट, बनियन आणि शीतपेयं रंगवलेली. त्याबद्दल अप्पांची तक्रार नव्हती, ती प्रगती होती. आणि बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या ओवरीत आमच्या मराठा राजांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो तर आमचा प्राण. देऊळ चोळांचं, भिंतही चोळांची. पण असल्या शंका काढणाऱ्याला आमच्या घरात ताट उशिरा वाढत.

अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, चित्रकला शिकायची होती. पुण्याहून इतिहासाचे एक प्राध्यापक जुन्या पोथ्या बघायला येणार होते आणि आमच्याकडे उतरणार होते. अप्पांनी फर्मान काढलं: पाहुणे चित्र बघून चांगलं म्हणाले तर कॉलेज, नाहीतर लग्न. भोगीला आमची कुंपणाची भिंत चुन्याने पांढरी केली होती. अक्काने तिच्यावर काव आणि कोळशाने अप्पांचीच पॅसेंजर काढली, डब्यांवरच्या बदामांसकट, आणि एका खिडकीत रुमाल घेऊन घासणारे अप्पा. गल्ली बघायला लोटली. मला हसू आवरेना, आणि अभिमानाने ऊर भरून आला तो वेगळाच.

अप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच चित्रावर चुन्याचा हात मारला. "पाहुण्यांनी दारातच असलं बघायला नक्को," म्हणाले. अक्का त्या रात्री जेवली नाही. मला अप्पांचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

सकाळी बघतो तर त्या कोऱ्या भिंतीवर एका पक्षाची आद्याक्षरं, खाली येत्या निवडणुकीचं वर्ष आणि 'राखीव'. आमच्याकडे पक्ष भिंती अशाच धरून ठेवतात, घरमालकाला विचारायची पद्धत नाही.

पाहुणे आल्या आल्या अप्पा त्यांना मोठ्या देवळात घेऊन गेले. आम्ही घरी मराठी बोलतो, पण नागरी अक्षर वाचता येणारी माणसं आमच्यात फार थोडी, आणि अप्पा त्यांच्यातले नव्हते. तरी दर वेळी ते शिलालेखाच्या एका ठराविक कोपऱ्याला बोटं लावून ती डोळ्यांना लावायचे. त्या दिवशीही लावली. "आमच्या राजांची अक्षरं," ते म्हणाले.

प्राध्यापक वाकले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"हे त्या लेखातलं नाही हो. नाशिकचा कुणी यात्रेकरू सहकुटुंब येऊन गेलाय. खिळ्याने कोरलंय."

अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. किती वर्षं त्यांनी त्या नाशिककराला नमस्कार केला असेल, बृहदीश्वरालाच ठाऊक!

घरी परतल्यावर प्राध्यापकांनी आमच्या भिंतीकडे बोट केलं. "आणि हे काय?"

"पार्टीचं आहे."

"मग पुसत का नाही?"

अप्पांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "ते पुसलं मणजे त्यांची अस्की माणसं, एकूण एक, घरी येतील."

अक्का कॉफी घेऊन दारात उभी होती. "माझं पुसलंत तेव्हा कोण येणार होतं, अप्पा?"

काय पुसलं, असं प्राध्यापकांनी विचारलं. अप्पांनी कॉफी त्यांच्यापुढे सरकवली आणि पोथ्यांचा विषय काढला. बघायला चित्र नव्हतं म्हणून त्यांनी मत दिलं नाही, आणि मत आलं नाही म्हणून अप्पांनी नकार धरला. वैशाखात अक्काचं लग्न झालं. दारात मांडव घातला, तेव्हा अप्पा जातीने उभे राहून बघत होते, की पक्षाचं एकही अक्षर झाकलं जाऊ नये.