गाडीतून उतरायची रीत

मी गाव सोडलं ते बैलगाडीतून. हिंगणघाटच्या पुढं आमचं गाव. मिस्टरांना अमेरिकेत नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि ते मला न्यायला आले होते. गाडीत माझी ट्रंक, लोणच्याची बरणी, आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ आणि आम्ही दोघं. बा गाडी हाकत होता. पाटलाच्या घराचा कोपरा आला तसा त्यानं कासरा ओढला, खाली उतरला आणि बैलांच्या बाजूनं पायी चालायला लागला.

हे सांगायला लागतं, कारण आता बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आमच्या लोकांनी पाटलाच्या दारावरून गाडीत बसून जायचं नाही, उतरून चालायचं, अशी गावची रीत होती. कायद्यानं ती केव्हाच गेली होती. आम्ही धम्माची दीक्षाही घेतली होती. बाच्या पायांतून मात्र ती गेली नव्हती.

मिस्टर चिडले. म्हणाले, "मामाजी, वर बसा. कोण काय करतो ते बघू."

"तुम्ही बसा ना जावईबापू. मले सवय हाये." मग बानं माझ्याकडं बघितलं. "तू उतरू नको व माय. तू बसूनच जा."

मी बसून गेले.

मिस्टर कोलंबसमधल्या एका कारखान्यात मशीनचे नकाशे काढायचे. तेव्हा पेट्रोल एकदम महाग झालं होतं आणि लोक मोठ्या गाड्या मातीमोल विकत होते. शहाण्या लोकांनी छोट्या जपानी गाड्या घेतल्या. आमच्याकडं शहाणपणा आणि पैसा दोन्ही कमी, म्हणून आम्हाला राजाची गाडी मिळाली. फिकट हिरवी. आमच्या गावातल्या खोलीपेक्षा लांब. मागच्या बाजूला माशासारखे दोन पंख. पुढची सीट सोफ्यासारखी सलग, तिच्यावर तीन माणसं ऐसपैस बसायची. मागच्या डिकीत तांदळाची पोती आडवी राहायची. चालू केली की पिठाच्या गिरणीसारखी घुमायची. मी तिचं नाव म्हैस ठेवलं. खायची फार आणि थंडीत बसली की उठायची नाही. पण अंगानं भरलेली, बघत राहावं अशी.

तिचा पुढचा बंपर चांदीसारखा चमकायचा. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं तो काळवंडला. मी चिंच भिजवली, शेजारणीच्या फायरप्लेसमधली राख मागून आणली आणि गावाकडं भांडी घासतात तसा दोन हातांनी घासून काढला. मिस्टर घरी आले आणि बराच वेळ बंपरसमोर उभे राहिले.

"हे पितळ नाही," ते म्हणाले.

"मग चमकतं कशाला?" मी म्हणाले.

ते ओरखडे शेवटपर्यंत राहिले. पार्किंगमध्ये आमची गाडी मला त्यावरून लांबून ओळखू यायची.

म्हशीजवळ उभं राहून काढलेला फोटो गावी पाठवला. भावानं पत्रात बाचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं: "एवढी मोठी गाडी अन् बसणारे दोघंच? मधात जागा खाली दिसते." मिस्टरांनी उलट लिहिलं, ती मधली जागा तुमचीच आहे, या. हे नुसतं लिहायचं म्हणून नव्हतं. आमचा मुलगा सुजित झाला तेव्हा तोही मागं झोपायचा. पुढं आमच्या दोघांच्या मध्ये जागा रिकामीच असायची.

गाडी चालवायला मी हट्टानं शिकले. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी शून्य. रस्त्यावरच्या पाट्या मी आकारावरून पाठ केल्या, आणि नियम मिस्टर रोज स्वयंपाकाच्या वेळी मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचे. माझी उंची कमी. स्टिअरिंगवरून रस्ता दिसेना, तेव्हा आईची वाकळ घडी घालून खाली घेतली. तिच्यावर बसले की बोनेट शेतासारखं पसरलेलं दिसायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी कशावर तरी उंच बसले होते.

लायसन्स मिळाल्यावर थोड्याच दिवसांत पोलिसानं अडवलं. मागं लाल-निळे दिवे लागले. मी गाडी कडेला घेतली, दार उघडलं, खाली उतरले आणि हात जोडून उभी राहिले. मोठ्या माणसापुढं दुसरं काय करतात? इथं पोलिसासमोर गाडीतून उतरणं हाच मोठा धोका, हे मला कोण सांगणार? तो त्याच्या गाडीतून भोंग्यावर ओरडायला लागला. मला कळेना, मी आणखी खाली वाकले. शेवटी तो जवळ आला, माझी साडी बघितली, जोडलेले हात बघितले आणि बोटानं सीट दाखवत सावकाश म्हणाला, "मॅम, सिट. प्लीज सिट." मागचा एक दिवा बंद होता, तेवढंच सांगायचं होतं. मी गाडीत बसले आणि तो बाहेर उन्हात उभा राहून बोलला.

हे गावी कळवलं. भावानं लिहिलं, बानं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "पोलीस म्हणते बस? मंग येतो मी."

म्हैस पुढं गंजून गेली. तिच्यानंतर पांढरी घेतली, तीही जुनी, तीही लांब, सीट सलगच. डीलर एक चांगली छोटी गाडी दाखवत होता. मिस्टर म्हणाले, "नको. आमचे सासरे येणार आहेत." डीलरला त्यातलं काही कळलं नाही. इकडं बाचा पासपोर्ट आला. तिकीट काढायच्या आतच त्याला कावीळ झाली आणि तो गेला. मी मातीलाही पोचले नाही. आई आधीच गेली होती, आणि भाऊ म्हणायचा, विमानात बसलो तर मीच मरून जाईन. म्हणून माझ्या माहेरचं कोणी त्या गाडीत कधी बसलं नाही. माणसं म्हणतात वाईट वाटून घेऊ नये. का नाही घ्यायचं? वाईट झालं होतं.

मग त्या जागेवर दुसऱ्यांची पोरं बसली. आम्ही कोलंबसला लागूनच असलेल्या डब्लिनला घर घेतलं तेव्हा तिथं आपली माणसं मोजकी. विद्यापीठात नवीन मुलं आली की एअरपोर्टवरून आणायला मी जायची, कारण चार बॅगा आणि पाच पोरं दुसऱ्या कोणाच्या गाडीत मावत नसत. पुण्याची, नागपूरची, मुंबईची. "मावशी, ही गाडी आहे की होडी?" म्हणायची. वर्षातून एक-दोनदा पहाटे उठून शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून सामान आणायला जायचो. तिथं पार्किंग मिळणं कठीण, त्यात एवढी लांब गाडी. मी रस्त्यातच मध्ये लावून बसून राहायची. मागचा हॉर्न वाजवून दमला की निघून जायचा. एप्रिलमध्ये जयंतीला भाड्याच्या हॉलवर जाताना खुर्च्या, पातेली आणि गाणारी पोरं, सगळं एका गाडीत.

एकदा एक मुलगा मागच्या सीटवरून गोड आवाजात म्हणाला, "मावशी, तुमचं आडनाव काय हो? म्हणजे तुम्ही मूळचे कोण?"

मी आरशात बघून म्हटलं, "मूळची मी ड्रायव्हर. पुढचं विचारायचं असेल तर बस स्टॉप आलाच आहे."

बाकीची पोरं हसली. तोही हसला, पण उशिरा. पुढं तो बरीच वर्षं दिवाळीला फोन करायचा. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही पायांत काहीतरी राहिलेलं होतं, एवढंच.

मिस्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी डब्लिनला एकटी राहायची आणि पांढरी गॅरेजमध्ये. आठवड्यातून एकदा काढायची, ग्रोसरी आणायची, तिला ऊन दाखवायचं आणि परत आत ठेवायची. सुजित न्यू यॉर्कमध्ये बँकेत आहे, जर्सी सिटीला राहतो. गेल्या थंडीत मी गाडी मागं घेताना शेजाऱ्याची टपालपेटी पाडली. पेटीच पडली, माणूस नाही. पण सुजित विमान पकडून आला.

"आई, धिस इज इट. आता ड्राइव्ह करणं बंद. तू माझ्याकडे चल."

"गाडी घेऊन येते."

"आई, आमच्या बिल्डिंगमध्ये तिला पार्किंग नाही मिळणार. इट्स टू बिग."

ते खरंच होतं. मी भांडले नाही असं नाही, दोन दिवस भांडले. पण डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन माणूस किती भांडणार?

गाडी घ्यायला एक म्हातारा गोरा आणि त्याची बायको आले. त्यांना जुन्या गाड्यांचं वेड. त्यानं बोनेटवरून हात फिरवला तो मला आवडला, निदान त्याला हात फिरवायचं कळत होतं. मी सुजितला म्हटलं, एक चक्कर मारून येते, तू बस बाजूला. तो बसला, दाराला चिकटून. मी वाकळ खाली घेतली आणि आमच्या कॉलनीतून सावकाश फिरवली. आमच्या दोघांच्या मध्ये ती जागा रिकामी होती. सुजितच्या नवीन गाडीत तिथं कप ठेवायला खड्डे आहेत.

परत दारात आणून गाडी बंद केली. मी बसून राहिले. ते नवरा-बायको लॉनवर उभे होते. सुजित उतरून माझ्या बाजूला आला, दार उघडलं आणि हात पुढं केला.

"आई, उतर आता. लोक थांबलेत."

प्रेमानं म्हणाला. त्याला काय ठाऊक? पाटलाच्या कोपऱ्याची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. त्यानं ती कशाला डोक्यावर घ्यायची, म्हणून. या देशात इतक्या वर्षांत मला कोणी गाडीतून उतर म्हटलं नव्हतं. पोलिसानंही नाही.

मी उतरले. वाकळ तेवढी काढून घेतली. गाडी वळणावरून गेली तोवर बघत राहिले. मग सुजितला गोष्ट सांगितली, तिथंच दारात उभं राहून. त्यानं माझ्या हातातली वाकळ घेतली. मग "आय डिडन्ट नो, आई," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, चल, बॅगा भर.

गावाकडं आता माझा भाचा स्वतःची गाडी चालवतो. पाटलाच्या कोपऱ्यावर मुद्दाम हॉर्न वाजवतो म्हणे. वाजव बाबा. तुम्ही जे गावी आहात ते विचारता, आत्या, तुझं घर आता कोणतं, इकडचं की तिकडचं? जे माझ्यासारखे इकडं आले तेही म्हातारपणी हेच विचारतात. मला विचाराल तर माझं घर ती गाडी होती. तीत मी माझ्या मनानं बसत होते, माझ्या मनानं उतरत होते आणि मध्ये बाची जागा होती.

इथं सुजितच्या घरी एकोणिसाव्या मजल्यावर मोठी खिडकी आहे. मी खुर्चीवर आईची वाकळ घालून बसते. खूप उंच आहे, खालच्या गाड्या मुंग्यांएवढ्या दिसतात. इथून मला कोणी उतर म्हणत नाही. पण ही खुर्ची कुठं जातही नाही.