उपाशी लाकूड

मी संशयी माणूस. मडकं टिचक्या मारून आणि नारळ कानाशी हलवून घेणारा. बायको म्हणायची, तुम्ही प्रसादसुद्धा हुंगून घ्याल. अशा माणसावर जुनं क्लॅरिनेट विकत घ्यायची पाळी आली.

औरंगपुऱ्यातल्या एका लग्नाच्या बँडात मी क्लॅरिनेट वाजवायचो. दसऱ्याला माझं वाद्य हातातून पडलं आणि मधोमध मोडलं. मास्तर म्हणाले, "तुळशीच्या लग्नापर्यंत दुसरं आण. नाय आणलं तर झांजा घे." इतकी वर्षं नवरदेवाच्या घोड्यापुढं सूर धरलेल्या माणसाच्या हातात झांजा! माझं डोकंच फिरलं.

कुणीतरी खुलताबादच्या एका म्हाताऱ्या वादकाचं सांगितलं. पूर्वी ते संस्थानाच्या फौजेच्या बँडात होते. पोलीस ॲक्शननंतर बँड मोडला, तेव्हापासून त्यांचं क्लॅरिनेट पेटीत पडून होतं. मी गेलो. काळ्या लाकडाचं, विलायती. लगेच मनात पाल चुकचुकली, फौजेचं वाद्य यांच्या घरात कसं? मी नळी उजेडाकडं धरून आत बघितलं, नखानं खरवडलं, वास घेतला. बदामाचं तेल! चीर लपवायला तर चोळलं नसेल?

त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी सांध्यांवर मेण लावलेला दोरा गुंडाळला, भोकांवरच्या चामडी गाद्या बदलल्या. दुपार त्यातच गेली. मी त्यांच्या बोटांवरून नजर काढली नाही. शेवटी वाद्य हातात देत ते म्हणाले, "बेटा, लई वर्सं उपाशी हाय ह्ये लाकूड. पंधरा दिवस रोज धा मिनिटं फुकायचं, मंग आतून पुसायचं. जास्ती नाय. उपाशी मानसाला एकदम पोटभर वाढत्यात का?"

रुमालात बांधलेले पैसे देऊन मी निघालो आणि घाट उतरताना मला सगळा डाव कळला. पंधरा दिवस! तोवर म्हाताऱ्याचे पैसे खर्चून होणार, मग तक्रार कोण ऐकतो? खोट नक्की अकराव्या मिनिटाला बाहेर पडणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर, चांगल्या थंडीत, मी ते दोन तास वाजवलं. इतका गोड सूर माझ्या आधीच्या वाद्याला कधी नव्हता. त्याचाही मला रागच आला. मग खोट आहे तरी कुठं? मी वाजवत राहिलो. टक् असा आवाज झाला. वरच्या नळीला बोटभर चीर गेली होती. सांगायला लाज वाटते, पण आधी मला आनंदच झाला. पकडलं म्हाताऱ्याला!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभं राहून मी म्हणालो, "चाचा, जुनी चीर तेलानं बुजवून माझ्या गळ्यात मारलीत तुम्ही."

त्यांनी चष्मा लावला. अंगठ्यानं दाबून चीर उघडली आणि मला दाखवली. "जुनी चीर आतून काळी असती. तेल मुरतं, धूळ बसती. ही बघ." आतलं लाकूड कोरं, तपकिरी होतं. "सुकं लाकूड श्वासाची वल एकदम प्यालं की फुटतं. किती वेळ वाजवलंस?"

"दहा मिनिटं."

"व्हय?"

"व्हय."

"मंग माझंच चुकलं. नजर म्हातारी झाली." ते उठले आणि कोनाड्यातून माझा रुमाल आणून त्यांनी माझ्यापुढं ठेवला. मी मारलेली गाठ तशीच होती. त्यांनी पैसे मोजलेसुद्धा नव्हते.

रुमाल उचलला असता तर वाद्य गेलं असतं आणि झांजा नशिबी होत्या. पण त्या घटकेला झांजा आठवल्याच नाहीत. नुसती गाठ दिसत होती, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोन तास," मी म्हणालो.

चाचा खाली बसले. "म्हंजे नजर ठीक हाय माझी." त्यांनी रुमाल परत कोनाड्यात ठेवला आणि लाख वितळवून चिरेत भरली. वरून मेणाचा दोरा आवळला. वाद्य मात्र माझ्या हातात दिलं नाही. "इथंच ऱ्हाईल. रोज येऊन वाजवायचं."

रोज एसटीनं घाट चढून मी खुलताबादला गेलो. चाचा गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन समोर बसायचे आणि दहा मिनिटं झाली की हात पुढं करायचे. तुळशीच्या लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा मी म्हणालो, "चाचा, आता तरी भरवसा ठेवा."

"हाय की," घड्याळावरची नजर न काढता ते म्हणाले, "लाकडावर."