बेलापूरच्या किल्ल्यावरचे मौनी महाराज

एका रविवारी सकाळी मी महाराज झालो. फार वेळ नाही, चहा आणि नाश्ता यांच्या मधल्या वेळात.

(माझी तशी कुठलीही साधना नव्हती. मी बेलापूरला सरकारी कचेरीत आहे. तिथे समाधी लागते, पण ती दुपारच्या डब्यानंतर.)

याला कारण आमची सायली. ती महाप्याला आयटी कंपनीत नोकरी करते आणि घरी आली की खोलीचं दार लावून कीबोर्डवर संगीत रचते. त्या संगीताला 'डंजन सिंथ' म्हणतात. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय गं?"

"बाबा, एक जुना किल्ला. धुकं. सगळे सोडून गेलेत. एकटाच म्हातारा राजा बसलाय आणि त्याला अजून वाटतंय की आपलं राज्य आहे. हे सगळं कीबोर्डवर."

"आणि मधेच कोणीतरी किंचाळतं ते?"

"ते ब्लॅक मेटल. याचा मोठा भाऊ. किंचाळते मीच."

(शेजाऱ्यांना आम्ही कुकरची शिट्टी बिघडलीय म्हणून सांगितलं होतं!)

तर परदेशातल्या कुठल्याशा बर्फाळ गावातला एक गृहस्थ सायलीची कॅसेट काढायला तयार झाला. हो, कॅसेट! आम्ही भंगारवाल्याला पोत्याने दिल्या, त्याच! पण तिची ही पहिलीच, त्यामुळे पोरगी हवेत तरंगत होती. फक्त कव्हरचा फोटो रविवारी दुपारपर्यंत पाठवायचा होता, नाहीतर तो गृहस्थ दुसऱ्या कोणाची तरी कॅसेट आधी काढणार होता. फोटो काय, तर पडक्या किल्ल्यात चेहरा रंगवलेला म्हातारा राजा. ज्या मित्राला ती राजा करणार होती, त्याला नेमक्या आदल्या दिवशी कांजिण्या निघाल्या. सायलीने माझ्याकडे वळून नीट निरखून पाहिलं.

"बाबा, तुम्हाला फारसं म्हातारं करावंही लागणार नाही."

राज्य गेलेल्या राजाचा अभिनय मला अवघड नव्हता. सासूबाई साताऱ्याहून राहायला आल्यापासून टीव्हीचा रिमोट त्यांच्याच ताब्यात होता.

सकाळी सासूबाई सोसायटीतल्या मंडळींबरोबर फिरायला बाहेर पडल्या आणि घरात माझा राज्याभिषेक सुरू झाला. मुलतानी मातीत देवघरातलं होतं नव्हतं ते सगळं भस्म कालवून चेहऱ्याला लेप. डोळ्यांभोवती आणि ओठांवर काजळ. कापसाची दाढी. अंगावर सासूबाईंची काळी घोंगडी (न विचारता). बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "लग्नात एवढं सजला असतात, तर फोटो तरी बरे आले असते!"

सायलीच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. सिग्नलला शेजारच्या रिक्षात एक बाळ भोकाड पसरून रडत होतं. माझ्याकडे पाहिलं आणि एकदम गप्प झालं. त्याच्या आईने मला हात जोडले. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

किल्ल्यावर झाडीत पडक्या भिंतीशी सायलीने मला बसवलं. दगडाआड छोटा स्पीकर लपवून तिचंच संगीत लावलं, म्हणजे मला म्हणे मूड येईल. मग दम भरला. "लेप वाळलाय. तोंड हलवलंत की तडे जाणार. घरातलं भस्म संपलंय, परत करता येणार नाही. बोलायचं नाही, हसायचं नाही, डोळे मिटून बसायचं." आणि कॅमेरा उघडून म्हणाली, "अरे देवा! बॅटरी चार्जरलाच राहिली! आलेच!"

ती गेली. मी राहिलो. खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं फार सुखाची होती. गार वारा, कीबोर्डचे ते संथ सूर, आणि मला काहीही करायला सांगणारं कोणी नाही. लोक हिमालयात का जातात ते मला बेलापुरात कळलं.

मग चपलांचा आवाज आला.

"आरं बापरं! यो कोन बसलाय?" हा आवाज गावठाणातल्या पाटीलकाकांचा. ते रोज सकाळी किल्ल्यावर चालायला येतात. "म्हाराज हायेत रं! आनि भजन कुठून येतंय? भिंतीतून येतंय!"

तोंड उघडलं तर सायलीची कॅसेट गेली!

"मौन दिसतंय महाराजांचं," दुसरा आवाज म्हणाला. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी साळुंखे होते. आणि साळुंखे आले म्हणजे फिरायला निघालेली सोसायटीची अख्खी वरात मागे असणार!

पायाशी काहीतरी मऊ ठेवलं गेलं. केळी. मग उदबत्तीचा वास. साळुंखे कुजबुजले, "महाराज, आमच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट अडकलंय हो. ए विंगमधला एकच इसम सही देत नाही. त्याला सुबुद्धी द्या."

तो इसम मी! डोळे मिटून मी मनातल्या मनात निक्षून नकार दिला. साळुंख्यांना तो होकार वाटला असावा, कारण त्यांनी आणखी दोन केळी ठेवली.

आणि तेवढ्यात स्पीकरवर पुढचं गाणं लागलं. मोठ्या भावाचं! ढोल धडाडले आणि भिंतीतून सायली अशी काही किंचाळली, की झाडावरचे कावळे उठले आणि मंडळी दणादण आडवी झाली.

"संचार झाला! संचार झाला!"

"ओठ हललं नाय आनि आवाज आला!" पाटीलकाका कापऱ्या आवाजात ओरडले. "देव कडक हाय! चपला लांब काढा रं!"

गाणं संपलं, पुन्हा संथ सूर सुरू झाले. आणि मग ओळखीच्या बांगड्या वाजल्या. सासूबाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, पण हात मात्र चौकस. त्यांनी घोंगडीचं टोक चाचपलं.

"महाराज, आमच्याच भागातलं दिसताय. माझ्याकडं अश्शीच घोंगडी हाय. किनारीला ठिगळबी असंच हाय बघा."

मी ठिगळावर हळूच मांडी सरकवली.

"एक सांगायचं होतं. जावई माझा गरीब हाय सभावानं. पर अक्कल कमी. कुणी काय बी सांगावं आन् यानं करावं. त्याला जरा अक्कल द्या."

(हे ऐकताना मी नेमका कसा बसलो होतो, ते वाचकांनी डोळ्यांसमोर आणावं.)

मी हसू दाबलं. गालावर पहिला तडा गेला. त्या थांबल्या, थोडा वेळ नुसतं ऐकत राहिल्या आणि मग हळू आवाजात बोलल्या.

"नात माझी दार लावून असंच वाजवती. तिला वाटतं आजीला कळत न्हाई. मला खरंच न्हाई कळत. पर मी दाराभाईर बसून ऐकती. आमच्या गावात दुपारचं देवळात कुणी नसतं ना, नुसता गार गाभारा आन् आपण, तसं वाटतं. पोरगी एकटी बसती, पर कुणासंगं तरी बसती. तिला यश द्या, महाराज. बाकी काय मागत न्हाई."

मला भरून आलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि भस्मातून थेट दाढीपर्यंत ओघळलं. गेली कॅसेट, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात खटक् असा आवाज झाला. मी डोळे किलकिले केले. सायली आली होती, कधी ते देव जाणे. कॅमेऱ्यामागे तिचंही नाक लाल झालं होतं.

"आजी," ती म्हणाली, "महाराजांना आता एकांत हवाय."

मंडळी पाठ न दाखवता, मागे मागे चालत निघून गेली. केळी आम्ही स्कूटरच्या डिकीत टाकली.

फोटोत अर्ध्या गालाचा लेप उकललेला आणि मधून अश्रूची वाट. सायलीने घाबरत घाबरतच तो पाठवला. तासाभरात त्या गृहस्थाचं उत्तर आलं, की आजवर इतका हरलेला राजा त्याने पाहिला नव्हता. घरात सासूबाई सोडून सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.

कॅसेट आली तेव्हा सायलीने ती आधी आजीच्या हातात दिली. सासूबाईंनी कव्हर डोळ्यांपाशी नेलं, दूर नेलं, आणि ओरडल्या, "आगं बया! हे तर किल्ल्यावरचं महाराज! मी मागितलं आन् त्यांनी दिलं!" खरं सांगायचा धीर कोणालाच झाला नाही. कॅसेट सरळ देवघरात गेली.

आता रोज सकाळी सासूबाई माझ्या फोटोला फूल वाहतात आणि जावयाला अक्कल दे म्हणून साकडं घालतात. मागे चहा घेऊन मीच उभा असतो. महाराज फार जागृत आहेत, असं त्या सगळ्यांना सांगतात. फक्त जावयाच्या बाबतीत, म्हणतात, महाराजांनीसुद्धा हात टेकलेत!