कोडोलीची पाचची सभा

आमच्या ह्यांनी लोकसभेला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "निवडून आलात तर दिल्लीला राहावं लागेल ना?" ते म्हणाले, "अधिवेशन असेल तेव्हा." त्या संध्याकाळी देवापुढं निरांजन लावताना मनातल्या मनात म्हटलं, देवा, ह्यांना पाड.

वाचणाऱ्याला वाईट वाटेल. वाटू दे. लग्न झालं तेव्हा हे फौजेत होते. सुट्टीवर यायचे, पोरगी जरा कुठं अंगाखांद्यावर खेळायला लागली की ट्रंक उचलून निघायचे. एकदा ती तापानं फणफणली होती, तरी ह्यांनी गाडी चुकवली नाही. पेन्शनीत आल्यावर वाटलं, आता माणूस आपला. तर म्हणाले, वकील होतो. ज्या वयात लोक रंकाळ्यावर फिरायला जातात, त्या वयात हे परीक्षेची घोकंपट्टी करत बसले. मग शाहूपुरीत ऑफिस काढलं. जवानांच्या विधवांचे पेन्शनचे दावे, बांधाची भांडणं, रोज कोर्ट. तरी रात्री जेवायला घरी असायचे. माझ्या वाट्याला एवढंच आलं होतं आणि आता तेही दिल्ली नेणार होती. ह्यांचं म्हणणं असं की, एकेका बाईसाठी कोर्टात भांडत बसण्यापेक्षा नियम जिथं बनतात तिथंच जाऊन भांडावं. म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर जास्त राग यायचा.

तरी मी प्रचाराला गेले. न जाऊन सांगते कुणाला? डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून दारोदार मतं मागायची आणि आतून उलटं मागायचं. माझ्याइतका पक्का विरोधक ह्यांना अख्ख्या मतदारसंघात नव्हता.

कोडोलीची सभा पाचला ठेवली होती. आपल्याकडं पाचची सभा सातच्या आधी सुरू होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात ती म्हशींच्या धारा काढायची वेळ. मी शेतकऱ्याची लेक, मला हे सकाळीच कळलं होतं. मुद्दाम बोलले नाही.

पाच वाजले. समोर नुसत्या खुर्च्या. मांडववाला तेवढा पाय पसरून मोबाइल बघत बसलेला. मला वाटलं, आता थांबतील. ह्यांनी घड्याळ बघितलं, शर्ट सारखा केला आणि माइकसमोर उभे राहिले. "बंधू आणि भगिनींनो!"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ते त्या रिकाम्या खुर्च्यांना सगळं नीट समजावून सांगत होते. पेन्शन कुठं अडते, का अडते, कायद्यात काय बदलायला पाहिजे. आवाज जरासुद्धा खाली आला नाही. मधे पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्या रांगेकडं बघून बोलू लागले. माझा जीव नुसता तुटत होता. देवाला मी ह्यांना पाड म्हटलं होतं, असं हसं कर म्हटलं नव्हतं.

मी उठले आणि पदर खोचून सरळ दूध डेअरी गाठली. तिथं अख्खं गाव किटल्या घेऊन रांगेत उभं होतं.

"आमचं मालक तिकडं मोकळ्या खुर्च्यांम्होरं बोलायल्यात," मी म्हणाले. "चला की जरा!"

रांगेतली एक म्हातारी फटकन म्हणाली, "पाचला कोण सभा घेतंय ओ? म्हस काय तुमच्या मालकास्नी इचारून पान्हा सोडती व्हय?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. "मिल्ट्रीतलं हाईत, मावशी. त्यास्नी गाडीचा टाइम कळतो, म्हशीचा न्हाय."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय? दूध घालतो आन् आलोच."

आणि खरंच आले. बाया, माणसं, रिकाम्या किटल्यांसकट. ह्यांचं भाषण तोवर संपत आलं होतं. माणसं खुर्च्यांवर बसलेली बघून ह्यांनी पुन्हा शर्ट सारखा केला. पुढची सभा कुरुंदवाडला, म्हणजे लांबचा पल्ला. मी घड्याळाकडं बघितलं, ह्यांनी बघितलं नाही. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं, "बंधू आणि भगिनींनो!" लेकीच्या तापासाठी न थांबलेला माणूस ह्या लोकांसाठी थांबला. मला बरंही वाटलं आणि रागही आला. दोन्ही खरं.

म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली होती, किटली मांडीवर. कान देऊन तिनं बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "माणूस बरा हाय की तुमचा. पर ह्यास्नी दिल्लीला धाडल्यावर तुमी काय करायचं, बाई?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. फौजेनं नाही, कोर्टानं नाही, अर्ज भरताना ह्यांनीही नाही. नका धाडू म्हणायला ह्याहून चांगली वेळ मला कधीच मिळाली नसती. समोर हे बोलत होते, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, आणि लोक माना डोलवत होते.

"मला सवय हाय, मावशी," मी म्हणाले. "धाडा त्यास्नी. लई कामाचं हाईत."

बोलता बोलता मला रडू फुटलं. म्हातारीनं किटली खाली ठेवली आणि माझा हात धरून बसून राहिली.