रंगाखालचा पत्रा

“आलं का?”

मुंडकं गाडीच्या सीटखाली, बाहेर नुसते दोन पाय आणि त्यांतल्या एकातच चप्पल. अशा अवस्थेतून अप्पांचा हा प्रश्न यायचा. आवाज आला की आपण भोंग्यापाशी उभं राहून ओरडायचं, “आलं, अप्पा!” मगच अप्पा बाहेर निघायचे. भोंगा त्यांनाही ऐकू यायचा, पण त्यावर त्यांचं भागत नसे. “खाली सगळंच वाजल्यावानी वाटतंय. माणसानं सांगावं,” म्हणायचे.

मानवतच्या बाजारात कधी आला असाल तर माझा आवाज तुम्ही ऐकलाच असेल. जीपच्या छपरावर दोन भोंगे आणि आत माईक घेऊन मी. साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, महाप्रसाद, अंत्ययात्रा, सगळं एकाच गळ्यानं सांगायचं हा माझा धंदा. आवाज बंद पडला की गाडी अप्पांच्या दारात. गाड्यांचे टेप आणि अँप्लिफायर ते दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली.

त्यांच्या खिशात कायम एक पेन्सिल सेल असायचा. तो भोंग्याच्या वायरीला टेकवायचा. टक् असा आवाज आला की म्हणायचे, “भोंगा जिता हाय. मागं सरका.” मग फ्यूज, मग अँप्लिफायरच्या मशीनचा दिवा, मग अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला आवळलेली वायर. हा क्रम मी त्यांना कधी मोडताना पाहिलं नाही. एकदा पालमचा एक जण नवीकोरी गाडी घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, “मशीन जळालंय, दुसरं बसवा.” अप्पा म्हणाले, “तोंडात चांगलं बोला की राव! आल्या आल्या जाळायलाव?” निघाली काय, तर टेपमागची पिन सुटलेली. “आधी सोप्पं बगा. अवघड कुठं पळून जायलंय?”

अर्थिंगवर मात्र त्यांचा राग. गाडी रंगवणारे काय करतात, वायर सोडतात, रंग मारतात आणि त्याच रंगावर वायर परत आवळतात. “रंगावर अर्थिंग धरत न्हाई. दिसायला घट्ट, आत काईच न्हाई. पत्रा दिसंपर्यंत खरडा.” मला तर बजावूनच ठेवलं होतं, “जीपला रंग दिला की आधी मला दाखवायची.”

गेल्या महिन्यात मी जीप हिरवी करून घेतली. त्यांच्या दारावरूनच नेली. त्यांनी हात वर केला. मला सेलूला जायची घाई होती. हॉर्न मारला, “उद्या येतो, अप्पा!” म्हणालो आणि गेलो. भोंगे वाजतच होते, म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी निरोप आला, अप्पा झोपेतच गेले.

त्यांच्या समाजात माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात आणि बसलेलंच समाधीत ठेवतात. मी पोचलो तेव्हा त्यांना दारात बसवलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात बेलाची माळ. मान डावीकडे कललेली. पुरोहित जंगमांनी ती दोनदा सरळ केली आणि दोन्ही वेळा ती परत कलली. आवाज तपासताना अप्पा असंच ऐकायचे.

मला काहीच वाटलं नाही. खोटं कशाला सांगू?

काकू, अप्पांची बायको, जवळ आल्या. “भाऊ, बाराला न्यायचंय. तुमच्या गाडीवरून सांगा. आमाला लेकरू न्हाई, भाऊबंद न्हाईत. चौघांवर नेऊ नका ह्यांला. लोकाला कळू द्या.”

मी जीपमध्ये बसलो, मशीन चालू केलं, माईक तोंडाशी धरला. आवाज नाही. मोठा करून पाहिला, तरी नाही. नऊ वाजून गेले होते. आता हे कुणाला दाखवायचं?

“मशीन जळालं वाटतंय,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तोंडात चांगलं बोला,” मी म्हणालो.

दुकानात खिळ्याला त्यांचा शर्ट टांगलेला होता. खिशातून सेल काढला. दोन्ही भोंगे टक् बोलले. मागं सरकलो. फ्यूज ठीक. मशीनचा दिवा लागत होता, पण मिणमिण. माईक चालूच ठेवून सीटवर टाकला आणि सीटखाली मुंडकं घातलं. अर्थिंगची वायर चांगली आवळलेली होती. हिरव्यागार, चकचकीत रंगावर.

तेव्हा माझी मलाच लाज वाटली. सकाळपासून काही वाटलं असेल तर तेवढंच. त्या दिवशी पाच मिनिटं थांबलो असतो तर त्यांनी हेच केलं असतं, वर दोन शिव्या दिल्या असत्या आणि मी त्या ऐकल्या असत्या. मी स्क्रू काढला आणि पान्याच्या टोकानं खरडत राहिलो. हिरवा गेला, त्याखालचा पांढरा गेला, खाली पत्रा दिसला. वायर लावून आवळली तसे वर भोंगे खरखरले आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “आलं, अप्पा!”

माईक चालू होता. दोन्ही भोंग्यांतून ते गल्लीभर गेलं. रडणं थांबलं. मंत्र म्हणणारे जंगमही थांबले. मी सीटखाली तसाच पडून राहिलो. निघावंसं वाटेना.

थोड्या वेळानं माझ्या पायांशी कुणीतरी आलं. काकू होत्या. इतकी वर्षं आतल्या खोलीतून त्यांनी हे रोज ऐकलेलं.

“आलं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “निघा भाईर.”

मी निघालो. माईक उचलला आणि बाराची वेळ सांगत गावभर फिरलो. आवाज रोजचाच, साड्यांच्या सेलचा. परत आलो तेव्हा त्या गल्लीत जीप घालायला जागा नव्हती.