कांजीबाईचा हिरवा ठिपका

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे कांजीबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती चादरींना इस्त्री करत होती आणि स्वभाव कांजी केलेल्या चादरीसारखाच कडक. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हापासून घराचा गाडा तीच ओढत होती, पण तिचं रडगाणं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी कामगारांच्या मनगटांवर पट्टे आले. कोण किती वेळ कामावर असतं, ते नाडीवरून कळायचं. पट्टे बांधायला आलेली मुलगी म्हणाली, "बाई, याला चार्जिंग नको. अंग गरम, बाहेरची हवा गार. त्या फरकावरच वीज तयार होते. हिरवा ठिपका दिसला की चालू."

"म्हणजे माझ्याच अंगाच्या उबेवर माझ्यावर पाळत!" कांजीबाई म्हणाली. मुलगी हसली आणि पुढचा पट्टा बांधायला वळली.

महिन्याभराने साहेबांनी तिच्यापुढे कागद सरकवला. "रोज साडेअकरा ते चार तुमचा पट्टा बंद. काढून ठेवता. चूक कबूल करून सही करा, नाहीतर परवापासून येऊ नका."

"काढला नाही, साहेब."

"मग यंत्र खोटं बोलतं?"

"यंत्राचं मला माहीत नाही. मी खोटं बोलत नाही."

इस्त्रीच्या खोलीतल्या बाकी दोघींनी मुकाट सह्या केल्या होत्या. शेजारच्या खोलीत घड्या घालणाऱ्या नणंदेने तर तिला फैलावरच घेतलं. "वहिनी, सही केलीस तर हात झडणार आहे का? घरी माझा भाऊ पडलाय, त्याचा तरी विचार कर!"

"त्याचाच करतेय. लबाड ठरून त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?"

त्या दिवशी तिने ठिपक्यावर नजर ठेवली. अंगणातल्या नळापाशी तो लख्ख होता. वाफेच्या इस्त्रीपाशी आलं की मंदावायचा आणि पाव तासात विझायचा. बाहेर गेलं की पुन्हा हजर. तीनदा आत-बाहेर केल्यावर मुलीचं बोलणं तिला आठवलं. खोलीतली हवाच अंगाइतकी तापलेली, मग फरक उरणार कुठून?

दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता ती साहेबांच्या थंडगार खोलीत शिरली. पट्टा फडक्याने पुसून तिने त्यांच्या मनगटावर बांधला. ठिपका उजळला.

"हे काय चाललंय?"

"वीस मिनिटं माझ्या इस्त्रीपाशी उभे राहा. ठिपका टिकला तर सही करते आणि घरी जाते."

साहेब आले. पाचव्या मिनिटाला त्यांनी टाय सैल केला, दहाव्याला भिंतीचा आधार घेतला. पंधरा मिनिटं व्हायच्या आत ठिपका विझला. दारात नणंद चादर छातीशी धरून उभी होती. "साहेब," ती म्हणाली, "पट्टा काढलात की काय?"

साहेबांनी घाम पुसला. "ठीक आहे. कागद फाडून टाकतो."

"तिघींचे फाडा. आणि आता माझा कागद." कांजीबाईने पदराआडून घडी काढली. खोलीत गरम हवा बाहेर ओढणारे दोन पंखे हवेत, एवढंच त्यावर लिहिलं होतं. "यावर सही तुमची."

"वरून मंजुरी लागते, बाई."

"मग मंजुरी येईपर्यंत पट्टा तुमच्याच हाताला राहू द्या. रोज बारा ते चार इथे येऊन उभे राहा."

साहेबांनी सही केली.

सतराव्या दिवशी पंखा बसला, पण एकच. आता ठिपका तीनपर्यंत तग धरतो. तो विझला की कांजीबाई इस्त्री बंद करते, साहेबांच्या टेबलापाशी जाते आणि मनगट पुढे करते. दुसरा पंखा बसेपर्यंत रोज.