गिऱ्हाइकाचे पाय

माह्या खोलीत दोन बाजा हायेत. एक माही अन् एक लोकरीची.

लोकर काई एकटी नाई. तिच्यासंगट मन्याचे डबे, टिकल्या, जरीची लेस, क्रोशाच्या सुया, भरतकामाच्या लाकडी रिंगा, असे तीन पोते अन् एक पेटी. सारं माह्या सुनेचं, वंदनाचं. तिनं इथं मंगरूळपीरले घरीच रुखवताचा क्लास काढला होता. लग्नात नवरीकडून मांडाले लागते ना, लोकरीची बाहुली, मन्याचं तोरन, टिकल्याचा मोर, ते सारं शिकवाचा. पयल्या साली अकरा पोरी आल्या. दुसऱ्या साली चार. तिसऱ्या साली बजारात रुखवत भाड्यानं भेटाले लागलं (भाड्यानं! एकच मोर सकाळी एका लग्नात अन् संध्याकाळी दुसऱ्या!) अन् क्लास बसला. बसला तो माह्या खोलीतल्या बाजीवरच बसला.

मी काई बोलली नाई. मी लय गोष्टीले काई बोलली नाई. मालक गेले तवा माहा पोरगा सुभाष मांडीवर होता. तवापासून सव्वीस साल अनसिंगच्या बजारात पोतं आंथरून मिरच्या अन् लसून इकला. उन्हात बसली, पान्यात बसली. एकदा एका बैलानं अर्धं पोतं मिरच्या खाल्ल्या, अन् मंग दिवसभर तोच माह्यापुढं रडत उभा राह्यला. तवाबी काई बोलली नाई. लोकरीले काय बोलाचं!

पन मंग धनजवरून गोदीचा फोन आला. गोदी माही लहान बहीन.

"बाई, डोळ्याचं आपरेशन झालं," गोदी म्हने. "पंधरा दिवस थेंब टाका लागते, दिवसातून सहा खेपा. घरचे सारे वावरात जातात. मी माह्या हातानं टाकला तं थेंब कानात जाते."

"इकडं ये," मी म्हनलं.

"जागा हाये?"

"बाज हाये."

खोटं नाई बोलली. बाज होतीच. लोकरीखाली.

फोन ठेवला अन् वंदनाले हाक मारली. "वंदना, हे सामान फेकाचं हाये."

"फेकाचं?" वंदना कढई हातात घिऊनच आली. "आत्याबाई, पै पै जोडून घेतलं हाये ते! इकाचं हाये. मी फोनवर टाकेल हाये सारं."

"फोनवर टाकेल हाये तं माह्या बाजीवर काहून हाये?"

मंग तिनं मले समजावलं. फोनात एक दुकान असते म्हने, जुनं सामान इकाचं. आपून फोटो टाकाचा, भाव लिहाचा, लोकं लिहून इचारतात. वंदनानं शंभरच्या लोकरीचा भाव लिहेल होता पंच्यान्नव. अन् लोकर कशी? अर्धी उकलेल, अर्धीची बाहुली करता करता टांग झालेली! दोन महिन्यात एकाच मानसानं इचारलं, "नवीन आहे का?" वंदनानं "नाही" लिहिलं, तो गेला.

"गोदी रईवारी येऊन राह्यली," मी म्हनलं. "फोन मले दे. भाव मी करीन."

"आत्याबाई, तुमी दुसरी शिकल्या."

"भावाले दुसरी लय झाली."

फोनात बोलक्याचं, म्हंजे माइकचं, एक चित्र असते. ते दाबून बोललं की फोनच लिहून घेते. वाचाले मले येते, अक्षराले अक्षर जोडून, येष्टीची पाटी वाचतो तसं. म्हंजे अडचन काईच नव्हती. त्या दुकानात नाव, नंबर, पत्ता सारं मात्र माह्या पोराचं होतं, सुभाषचं. फोटोबी त्याचाच, काळा चस्मा लावेल, आपल्या काळ्यापिवळ्या जीपीले टेकून उभा, मिशीवर हात. (हे ध्यानात ठेवा. मी नाई ठेवलं.)

आता बजाराचे कायदे असतात. पयला कायदा, गिऱ्हाईक अर्धा भाव मांगतेच, म्हनून आपून दुप्पट सांगाचा. मी पंच्यान्नवचे दोनशे केले. घडीभरात एकानं लिहिलं, "दादा, मेंढी संगं देता का?"

मी फोनले सांगतलं, "मेंढी नाई." जे नाई ते नाई म्हनावं.

दुसरा कायदा भोनीचा. सकाळचं पयलं गिऱ्हाईक वापस पाठवाचं नाई, तो म्हनन त्या भावात द्याचं. भोनी वापस गेली की दिवस गेला. सोमवारी सकाळी सहाले एक जन म्हने, मन्याचा डबा, दहा रुपये. दिला. वरून मूठभर टिकल्या टाकल्या, कारन मापावर मूठ पडली नाई तं गिऱ्हाईक दुवा देत नाई. मंगळवारी पावनेसहाले तोच मानूस. जरीची लेस, दहा रुपये. दिली, वर मूठ. बुधवारी साडेपाचले तोच!

"आत्याबाई," वंदना म्हने, "तो डबा कुरिअरनं पाठवाले साठ रुपये लागले! दहाच्या मन्याले साठ!"

"भोनी हाये."

"तीन दिवस झाले, एकच मानूस भोनी करून राह्यला!"

"सकाळी उठनारा मानूस हाये. चांगला असन."

गुरुवारपासून वंदनानं फोन सकाळी आठपर्यंत तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला.

शुक्रवारी दुपारी मातर खरं गिऱ्हाईक आलं. वाशिमच्या एक मॅडम. त्याईले सुट्ट्यात पोरींचा क्लास घ्याचा होता. तिन्ही पोते अन् पेटी, सारं एका खेपेत घेतो म्हने, चार हजार देतो. वंदना जागेवरच उडाली.

"हो म्हना! आत्याबाई, हो म्हना!"

"चूप बस. पयल्या भावाले हो म्हनलं तं गिऱ्हाइकाले वाटते आपून फसलो. बिचारं घरी जाऊन झुरते."

अन् मी फोनले सांगतलं, "आठ हजार."

मॅडम चूप.

आता तिसरा कायदा. हा मी सव्वीस सालात कोनालेच सांगतला नाई, गोदीलेबी नाई. गिऱ्हाईक चूप झालं की त्याच्या तोंडाकडं पाहाचं नाई. तोंड खोटं बोलते. पायाकडं पाहाचं. पायाचे अंगठे आपल्याकडं असले तं भाव सोडाचा नाई, तो घेते. टाच फिरली, तं उतराचं. ह्या एका कायद्यावर मी सुभाषले लहानाचं मोठं केलं. अन् ह्या फोनात पाहाले गेली तं पायच नाई! मॅडम उभी हाये का चालली, समजन कसं?

मंग मी इचारून घेतलं. बोलक्याचं चित्र दाबलं अन् सांगतलं, "मॅडम, तुमच्या पायाचा फोटो पाठवा. मंग पाहू भावाचं."

मले तं साधी गोष्ट वाटली.

लय वखत काईच आलं नाई. मंग दुकानच बंद झालं. वंदनानं वाचलं, "तक्रार आल्यामुळे तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे."

"कायची तक्रार?" मी म्हनलं. "अजून माल तं पाठवलाच नाई."

वंदनानं वरचं लिहेल वाचलं. मंग सुभाषचा काळा चस्मा पायला. मिशी पायली. मंग तिथंच खाली बसली.

तिकडं सुभाष वाशिमच्या रस्त्यानं जीप चालवून राह्यला होता, मांगंपुढं मिळून बारा सवाऱ्या. त्याचा फोन वाजला. गाडी चालवताना तो फोन हातात घेत नाई, मोठ्या आवाजावर ठेवते. (शिस्तीचा हाये. मीच लावली.)

"सुभाष तूच का?"

"हो, बोला दादा. कुठून बसाचं हाये?"

"माझ्या बायकोच्या पायाचा फोटो कशाला पाहिजे रे तुला?"

सुभाष सांगते का जीपीतल्या बारा सवाऱ्यांनी आपापले पाय सीटखाली ओढून घेतले. दोन बाया तं गावाच्या आंधीच उतरल्या.

"पत्ता लिहिलाय तुझा," तिकडून तो म्हने. "रविवारी येतो."

रईवारी सकाळी आंधी गोदी आली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात थेंबाच्या शिशीची थैली. माह्या बाजीवर बसली अन् उघड्या डोळ्यानं खोली पायली.

"बाई, दुसरी बाज कुठं हाये?"

"खाली."

"मंग मी वर झोपू का?" गोदी म्हने. "मऊ दिसते. पन डागदरनं चढाले नाई सांगतलं."

मी काई बोलनार, तं भायेर मोटार थांबली. एक उंच साहेब उतरला, त्याच्यामांगं मॅडम. सुभाष घरातच होता. त्यानं खिडकीतून पायलं, संडासात गेला अन् कडी लावली. जीपीत बारा सवाऱ्या कोंबनारा मानूस!

"सुभाष कुठे आहे?" साहेब दारातूनच.

"बसा," मी म्हनलं. "फोटो मी मांगतला."

"तुम्ही?"

"मी."

"कशाला?"

"भाव कराले."

साहेबानं वंदनाकडं पायलं. वंदनानं जमिनीकडं पायलं. गोदीनं साऱ्याइकडं पायलं, एका डोळ्यानं.

आता काय लपवाचं? पोराची अब्रू संडासात बसेल होती. मंग मी सारं सांगतलं. तोंड खोटं बोलते, अंगठे खरं बोलतात, टाच फिरली की आपून उतराचं. सव्वीस साल जे पोटात ठेवलं ते भर खोलीत वतून टाकलं. अनसिंगचा बजार, बैलाची मिरची, सारंच.

आंधी साहेबाची मिशी हालली. मंग मॅडम अशी हासली का तिले भितीले हात टेका लागला.

"अहो, एवढ्या लांब आलोच आहोत," मॅडम नवऱ्याले म्हने, "तर सामान बघून घेते."

माहा जीव भांड्यात पडला. मॅडम आत आली. पर्स माह्या बाजीवर गोदीच्या बाजूनं ठेवली, पोते सोडले, लोकर हातानं चोळली, सुया मोजल्या. तोंडावर काईच नाई.

"किती म्हणालात?"

"आठ हजार."

मॅडम काई बोलली नाई. नुसते पाय दाराकडं फिरवले. टाच माह्याकडं!

"सात," मी म्हनलं.

मॅडमनं एक पाऊल टाकलं.

"सहा! घरचं सामान हाये, बाई!"

आनखी एक पाऊल.

"पाच!" माह्या मांगून वंदना म्हने, "आत्याबाई, थांबा जराशा." पन मी पाय पाहून राह्यली होती, थांबू कशी? टाच उंबऱ्याले टेकली. चार म्हनलं, तं टाच उंबऱ्याच्या भायेर गेली. अन् तवाच गोदी म्हने, "बाई, थेंबाची येळ झाली. मी आडवी कुठं होऊ?"

आडवी कुठं होईन? लोकरीवर? ह्या बयेले वापस धनजले पाठवू, कानात थेंब टाकाले?

"अडीच!" मी वरडली. "अडीच हजार, अन् हे सारं आताच घिऊन जा!"

मॅडमचे अंगठे गपकन माह्याकडं फिरले.

"घेतलं!" मॅडम म्हने.

वरून मूठ टाका लागतेच. तवा क्रोशाच्या सुयाचा कोरा डबा, जो वंदनानं आपल्यासाठी अलग काढून ठेवेल होता, तो मी पोत्यावर ठेवला. वंदनाच्या तोंडातून कुकरच्या शिटीसारखा आवाज आला.

साहेबानं पोते मोटारीत टाकले. जाताना माह्या पाया पडला. म्हने, "आजी, तुमचाच पायांचा कायदा वापरून घेतलं." मोटारीचा आवाज गल्लीच्या टोकाले गेला तवा सुभाष भायेर आला.

"गेले?"

"गेले."

"माहं नाव?"

"धुतलं."

"कितीत?"

वंदना स्वयंपाकघरात होती. तिथून भांडे बोलले. मॅडम फोनवर आपल्या तोंडानं चार हजार देऊन राह्यली होती, हे मले भांड्याच्या आवाजावरून आठवलं.

पन बाज मोकळी झाली. तीन सालानं तिची सुतळी दिसली. मी गोधडी आंथरली, गोदीले आडवी केली, पट्टी उचलली अन् थेंब टाकला. बरोबर डोळ्यात. गोदीनं सुस्कारा टाकला.

"बाई," थोड्या वखतानं गोदी म्हने, "एवढा भाव काहून पाडला वं?"

"तू टाच नाई पायली? उंबऱ्याच्या भायेर गेल्ती!"

"टाच पायली ना. पन तिची पर्स सारा वखत इथंच होती, माह्या मांडीजवळ." गोदीनं उशी सारखी केली. "पर्स सोडून कोनती बाई घरी जाते?"

मी काई बोलली नाई.

आठ दिवसानं गोदीले दाखवाले घिऊन गेली. डागदरनं पट्टी काढली, टॉर्च मारला अन् इचारलं, "काय आजी, इतके दिवस एका डोळ्यानं दिसत होतं का नीट?"

गोदीच्या आंधी मीच बोलली. "लय नीट दिसत होतं, डागदरसाहेब. तसा एक मलेबी बसवून द्या!"